आयसीयूत एक खुर्ची

अतिदक्षता विभागाचं दार बंदच असलं पाहिजे, असं माझं ठाम मत होतं. नुसतं मत नव्हे, भेटीचे नियम ठरवायची वेळ आली की ते नियम मीच लिहायचो. संध्याकाळी पाच ते साडेपाच, एका वेळी एकच नातेवाईक, पाच मिनिटं, चपला बाहेर, अंगात गाऊन, पेशंटला हात लावायचा नाही. बाकी जे काही बोलायचं ते काउन्सेलिंग रूममध्ये. आयसीयूच्या दाराला वरच्या बाजूला गोल काच असते. एका ठिकाणी त्या काचेला आतून कागद चिकटवायची सूचनाही माझीच. नातेवाईक टाचा उंचावून आत बघत राहतात आणि सिस्टरांचं लक्ष उडतं, हे कारण मी दिलं होतं. कारण खोटं नव्हतं.

आता मी म्हणतो, दिवसभर येऊ द्या, कॉटशेजारी खुर्ची टाका, आणि झोपेचं औषध चालू करण्याआधी घरच्या माणसाला आत बोलवा. जुने सहकारी हसतात. एकाने तर विचारलं, "तुला कुणी कोर्टात खेचलं का रे?" तसं काही झालेलं नाही. पण मत कसं बदललं हे सांगायचं तर आधीचं मत कुठून आलं होतं तेही सांगायला हवं. ते काही हवेतून आलेलं नव्हतं.

ठाण्यातल्या डॉक्टरला गर्दीची भीती वाटते यात नवल नाही. अपघातानंतर सिंघानिया रुग्णालयात उपचार घेत असलेले शिवसेनेचे नेते आनंद दिघे २६ ऑगस्ट २००१ रोजी तिथेच वारले. बातमी बाहेर पडली आणि जमावाने रुग्णालय फोडलं, पेटवलं. आतल्या पेशंटना जीव मुठीत धरून हलवावं लागलं. मी तेव्हा शिकत होतो, ठाण्यात नव्हतो. पुढे इथे नोकरीला लागलो तेव्हा प्रत्येक सीनियरने ती हकिगत मला आपापल्या परीने ऐकवली आणि प्रत्येकाचा निष्कर्ष एकच होता: नातेवाइकांना आतलं जितकं कमी दिसेल तितकं बरं. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१० मध्ये वेगळा कायदा केला. त्याचा फलक आम्ही रिसेप्शनवर लावला आणि भेटीची वेळ तीच ठेवली.

दुसरं कारण वैद्यकीय होतं, निदान आम्ही तसं म्हणायचो. व्हेंटिलेटरवरचा माणूस जागा असला की नळी चावतो, खोकतो, मशीनच्या श्वासाशी त्याचा श्वास जुळत नाही. आमच्या भाषेत, "पेशंट फाइट करतोय." मग झोपवायला मिडाझोलाम, फेंटानिल, आणि त्यानेही भागलं नाही तर स्नायू ढिले करणारं औषध. एकदा माणूस शांत पडला की आकडे सरळ येतात, रात्रीचा निवासी डॉक्टर (आरएमओ) चहा पिऊ शकतो आणि सकाळी राउंडला आलेला कन्सल्टंट खूश असतो. झोपलेल्या माणसाशेजारी नातेवाईक बसून करणार काय? दोन्ही नियम एकमेकांना धरून होते. पेशंट झोपलेला, म्हणून नातेवाईक बाहेर. नातेवाईक बाहेर, म्हणून पेशंटला समजावणारं कुणी नाही. म्हणून तो झोपलेलाच बरा.

याविरुद्धचा पुरावा मला माहीत नव्हता असं नाही. शिकागोच्या क्रेस आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की झोपेचं औषध रोज एकदा पूर्ण थांबवून माणसाला जागं होऊ दिलं तर व्हेंटिलेटरवरचा काळ साधारण सात दिवसांवरून पाचच्या आत येतो. परीक्षेत याच्यावर प्रश्न येतो. उत्तर मी लिहिलंय, पुढे विद्यार्थ्यांना शिकवलंयही. डेन्मार्कच्या ओडेन्समध्ये तर झोपेचं औषध न देताच व्हेंटिलेटरवर माणसं ठेवली, २०१० मध्ये त्याचा अभ्यास लॅन्सेटमध्ये आला. त्यावर आम्ही म्हणालो, त्यांच्याकडे एका पेशंटला एक नर्स असते, त्यांचं काय जातंय.

इथे मला स्वतःबद्दल एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. आमच्या शाखेने गेल्या पंचवीस वर्षांत बरंच काही कमी केलं. १९९९ मध्ये कळलं की हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेलं की लगेच रक्ताची पिशवी लावण्याची गरज नाही, बहुतेकांना सातपर्यंत थांबलं तरी चालतं. २००० मध्ये कळलं की खराब झालेल्या फुप्फुसांत व्हेंटिलेटरने मोठाले श्वास भरण्यापेक्षा वजनाच्या किलोमागे सहा मिलीलिटरचे छोटे श्वास दिले तर मृत्यू चाळीस टक्क्यांवरून एकतीसवर येतात. २००९ मध्ये कळलं की रक्तातली साखर इन्सुलिनने अगदी काटेकोर खाली ठेवायला गेलं तर माणसं वाचायच्या ऐवजी थोडी जास्तच दगावतात. हे सगळं मी मुकाट्याने मान्य केलं. कारण त्यात मला फक्त आकडा बदलायचा होता. ऑर्डर शीटवर बाराच्या जागी सहा लिहिलं की झालं. पेशंटला जागं ठेवायचं आणि त्याच्या माणसाला आत घ्यायचं, यात आकडा नव्हता. माझ्या खोलीत कोण बसणार हा प्रश्न होता. आणि ती खोली माझी आहे असं मी धरून चाललो होतो.

मग कोविड आला आणि बंद दाराला सरकारी शिक्काच मिळाला. बाळकुमला ग्लोबल हबच्या इमारतीत महापालिकेने हजारावर खाटांचं रुग्णालय उभं केलं. भिवंडीत टेली-आयसीयू सुरू झाला, म्हणजे दूर बसलेले तज्ज्ञ पडद्यावर बघून तिथल्या डॉक्टरांना सल्ला देणार. माणसं पोटावर पालथी झोपवणं, नाकातून जोराने गरम ओलसर ऑक्सिजन देणारं हाय फ्लो, सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, हे सगळं त्या दीड वर्षात ठाण्यातल्या अगदी छोट्या नर्सिंग होमपर्यंत पोचलं. एरवी त्याला दहा वर्षं लागली असती. पण त्या काळात आम्ही मिडाझोलामही सढळ हाताने दिलं. पीपीई किटमध्ये कोण कोणाशी बोलणार? २०२१ मध्ये लॅन्सेटच्या श्वसनविकारांवरच्या मासिकात चौदा देशांतल्या दोन हजारांहून अधिक कोविड पेशंटचा अभ्यास आला. मिडाझोलामच्या जातीची औषधं दिलेल्यांत भ्रम होण्याची शक्यता बरीच वाढलेली होती आणि घरच्यांची भेट झालेल्यांत, मग ती फोनच्या पडद्यावरची का असेना, ती सुमारे सत्तावीस टक्क्यांनी कमी होती. मी तो निबंध डाउनलोड करून ठेवला. वाचला नाही. लाट ओसरल्यावर वाचला.

गर्दीच्या भीतीकडे परत येतो. मी ठाण्यातच कोलशेतला राहतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पूर्वी कारखाने होते. सँडोझचा पुढे क्लॅरियंट झाला आणि त्या जागेवर आता टॉवर आहेत. टॉवरमधला पेशंट येतो तेव्हा त्याच्यासोबत बहुधा बायको असते, किंवा सोसायटीचा सेक्रेटरी, आणि मुलगा न्यू जर्सीहून व्हॉट्सॲपवर. गावठाणातला पेशंट येतो तेव्हा चाळीस माणसं येतात. भावकी, सोयरे, नगरसेवकाचा माणूस, बाइकची रांग. खरं सांगायचं तर माझी भीती या दुसऱ्या गर्दीची होती, पहिल्या एकट्या बायकोची नव्हती. पण नियम दोघांना सारखाच लावला होता.

गावठाणातलेच एक आजोबा न्यूमोनियाने आले. आयुष्यभर खाडीवर जाळं टाकलेलं, नंतर काही वर्षं कंपनीत. मधुमेह होताच. नळी टाकावी लागली. चार-पाच दिवसांनी फुप्फुसं सुधारली, पण झोपेचं औषध कमी केलं की ते उसळून उठायचे. मुख्य म्हणजे बोटाला लावलेला ऑक्सिजनचा चिमटा उपटून फेकायचे. सिस्टरने तो तर्जनीवरून काढून अंगठ्यावर लावला, तेव्हा तर कहर झाला. शेवटी हात बँडेजपट्टीने कॉटला बांधले. बांधताना आम्ही फॉर्म भरतो, सही घेतो, सगळं नियमानुसार. आरएमओने पुन्हा मिडाझोलाम भरून ठेवलं.

त्या रात्री त्यांची मुलगी आत कशी आली ते मला नंतर कळलं. वॉचमन त्यांच्याच गावातला निघाला. मी पोचलो तेव्हा ती कॉटशी उभी राहून बापाच्या बांधलेल्या हाताकडे बघत होती. मी तिला बाहेर काढणारच होतो. ती म्हणाली, "डॉक्टर, बाबांना वाटतंय तुमी त्यांचा अंगठा घेताय." मला कळेना. मग तिने दाखवलं. आजोबा अंगठा पुन्हा पुन्हा गादीवर टेकवत होते आणि मान जोरात नाही नाही हलवत होते. कोलशेतमध्ये जमीन गेलेल्या घरांत अंगठा म्हणजे जमिनीच्या कागदावरचा अंगठा, हे मला सांगायची गरज नव्हती. अंगठ्याला काहीतरी चिकटवून, हात धरून ठेवून, अनोळखी माणसं रात्रंदिवस काहीतरी करताहेत. त्यांच्या डोक्याने याचा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात सरळ अर्थ लावला होता.

मुलीने हात सोडवला, धरून ठेवला आणि त्यांच्या भाषेत कानाशी सांगितलं, "अंगठा कोन नाय घेत बाबा. मशीन हाय ती." मग घरचं काहीबाही सांगत राहिली. कुणाची म्हैस, कुणाचं लग्न. मी चिमटा काढून कानाच्या पाळीला लावायचा प्रोब मागवला. मॉनिटरवर नाडी एकशे तीसच्या आसपास होती ती हळूहळू शंभराच्या खाली आली. भरलेली सिरिंज तशीच ट्रेमध्ये राहिली. आजोबांची नळी त्यानंतर लवकरच निघाली, पण ती केवळ यामुळे निघाली असं मी म्हणणार नाही. न्यूमोनिया बरा होतच होता. मी एवढंच म्हणेन की त्या भ्रमाचा अर्थ माझ्या कुठल्याही मॉनिटरला कळणार नव्हता, मलाही नाही. तो फक्त त्या घरातल्या माणसालाच कळू शकत होता, आणि त्या माणसाला मी पाच मिनिटं ठरवून दिली होती.

यानंतर मी तो कोविडचा निबंध वाचला, आणि मग मागे मागे जात राहिलो. अगदी १९५२ पर्यंत. कोपनहेगनला पोलिओची साथ आली, श्वासाचे स्नायू गेलेली मुलं पटापट दगावत होती. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन नळी घालायला आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यायला सांगितलं. व्हेंटिलेटर पुरेसे नव्हते, म्हणून जवळपास पंधराशे वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने, महिनोन्महिने, खाटांशेजारी बसून पिशव्या दाबत राहिले. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथून मोजतात. हे सगळं मला पाठ होतं. त्यातली एक बाजू मात्र कधी डोक्यात शिरली नव्हती: ती मुलं जागी होती. विद्यार्थी त्यांना वाचून दाखवायचे, त्यांच्याशी खेळायचे, डोळ्यांच्या खुणांवरून काय हवं ते ओळखायचे. म्हणजे आमच्या शाखेचे पहिले पेशंट जागे होते आणि त्यांच्या शेजारी माणूस बसलेला होता. झोप आणि बंद दार नंतर आलं, मशीन आल्यावर.

जंतुसंसर्गाचा मुद्दा सगळ्यांच्या तोंडी असतो, माझ्याही होता. फ्लॉरेन्सच्या एका आयसीयूत २००६ साली दोन्ही पद्धती आळीपाळीने करून पाहिल्या. भेटी मोकळ्या ठेवल्यावर खोलीतले जंतू वाढले, पेशंटमधला संसर्ग मात्र वाढला नाही. ब्राझीलमधल्या मोठ्या अभ्यासात, २०१९ मध्ये, दिवसाला बारा तासांपर्यंत भेट दिली; संसर्ग तेवढाच राहिला. प्रामाणिकपणे पुढचंही सांगतो: त्या अभ्यासात भ्रमाचं प्रमाणही फारसं घटलं नाही, वीस टक्क्यांच्या जागी एकोणीस. घटली ती नातेवाइकांची चिंता आणि नैराश्य. काही जण हा आकडा माझ्या तोंडावर फेकतात. मी म्हणतो, ठीक आहे, पेशंटला तोटा नाही आणि घरच्यांना फायदा आहे, मग दार बंद ठेवायचं कारण उरलं कुठलं? आणि आमच्याकडचे खरे भयंकर जंतू, कुठल्याच अँटिबायोटिकला न जुमानणारे क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर, ते नातेवाईक घरून घेऊन येत नाहीत. ते आमच्याकडेच राहतात आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर बहुतेकदा आमच्या हातांवरून जातात.

नव्या यंत्रांकडे बघण्याची माझी नजरही यामुळे बदलली. पूर्वी कंपनीचा माणूस डेमोला आला की मी विचारायचो, हे अजून काय मोजतं? आता विचारतो, याने पेशंटच्या अंगावरचं काय निघेल? गादीखाली ठेवायची पट्टी येते, तिला तारा नसतात, ती नाडी आणि श्वास पकडते. वॉर्डात आणलेल्या पेशंटसाठी मला ती आवडते. हाय फ्लो आवडतो, कारण माणूस त्यावर बोलू शकतो, घोटभर चहा घेऊ शकतो. खाटेशी नेता येणारी सोनोग्राफी तर हवीच. हृदय किती जोराने आकुंचन पावतंय, फुप्फुसात पाणी आहे का, हे दोन मिनिटांत कळतं आणि एक्स-रेसाठी माणूस उलटापालटा करावा लागत नाही. (गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे ते मशीन नोंदणी केलेल्या जागेबाहेर हलवता येत नाही. कायदा गरजेचाच आहे, पण साठीतल्या हृदयविकाराच्या पेशंटसाठी मशीन शेजारच्या इमारतीत न्यायचं म्हटलं की आम्ही हात जोडतो.)

कृत्रिम बुद्धिमत्तेचं म्हणाल तर मी तिच्या विरोधात नाही. फक्त घाईत नाही. अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत वापरलं जाणारं, सेप्सिस (संसर्गाने अवयव ढासळणं) आधीच ओळखतं म्हणणारं एक सॉफ्टवेअर होतं. मिशिगन विद्यापीठाने २०२१ मध्ये तपासलं तेव्हा सेप्सिस झालेल्या तीनपैकी दोघांना त्याने ओळखलंच नव्हतं, आणि तरीही दर पाच-सहा पेशंटमागे एकाच्या नावाने घंटा वाजवली होती. आमच्याकडे आधीच इतक्या घंटा वाजतात की कोणती खरी हे सिस्टर चालीवरून ओळखतात. बोटावरचा तो चिमटासुद्धा बिनचूक नाही. गडद कातडीच्या माणसांत तो ऑक्सिजन असतो त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, हे डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पेशंटच्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आलं. कोलशेतच्या खाडीवर उन्हात रापलेल्या माणसाच्या बोटावर तो लावताना मला हे आता आठवतं.

घरचं माणूस आत बसायला लागल्यापासून एक संभाषण सोपं झालं, ज्याची मी अपेक्षा केली नव्हती. थांबायचं कुठे, याचं. पूर्वी आठवडाभर "सुधारणा आहे", "क्रिटिकल आहे" एवढंच ऐकलेल्या मुलाला मी काउन्सेलिंग रूममध्ये बसवून सांगायचो की आता आशा नाही. तो मला म्हणायचा, "सगळं करा डॉक्टर." आणि मागे काका म्हणायचे, "बिल वाढवताहेत." आता ज्याने स्वतः बघितलंय की बापाचे पाय काळे पडताहेत, बीपी वाढवणारी दोन्ही औषधं पूर्ण जोरात असूनही ते साठच्या वर जात नाही, तो बहुतेकदा माझ्याआधी विषय काढतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुटसुटीत केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येतं, आणि डॉक्टरांच्या दोन मंडळांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं असतं. टॉवरमधले काही लोक ते करून ठेवू लागलेत. गावठाणातून तसा कागद घेऊन आलेलं मला अजून कुणी भेटलेलं नाही. तिथे कागदापेक्षा थोरल्या मुलीचा शब्द चालतो, आणि तो शब्द यायचा तर तिने आत बसलेलं असावं लागतं.

सगळंच मला पटलंय असं नाही. छाती दाबत असताना, म्हणजे सीपीआर चालू असताना, घरच्यांना तिथे उभं राहू द्यावं असा फ्रान्समधला २०१३चा अभ्यास आहे. ज्यांनी ते पाहिलं त्यांना नंतर मानसिक त्रास कमी झाला. अभ्यास चांगला आहे. मी अजून तिथवर पोचलेलो नाही. फासळ्या मोडतानाचा आवाज मला घरच्यांना ऐकवायचा नाही, आणि खरं तर त्या वेळी मला कुणी बघत असलेलं नको असतं. यातलं कुठलं कारण खरं हे मलाही ठरवता येत नाही.

आमच्याकडे सध्या प्रत्येक पेशंटमागे दोघांची नावं ठरतात, घरच्यांनी आपसात ठरवायची. त्या दोघांना सकाळच्या प्रोसिजर्स सोडून दिवसभर आत येता येतं, हात धुऊन. बाकीची भावकी खाली. चाळीस माणसांतून दोघं निवडायला लावल्यावर भांडण आमच्याशी न होता त्यांच्यातच होतं, हा न ठरवलेला फायदा. रात्री बसायचं की नाही हे त्या पाळीच्या सिस्टर ठरवतात. या सगळ्याला खरा विरोध सिस्टरांचाच आहे आणि तो मला रास्त वाटतो. खुर्चीवरचा माणूस दर दहा मिनिटांनी विचारतो, हा आकडा लाल का झाला? उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. डॉक्टर राउंड मारून निघून जातो. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक सिस्टर असायला हवी. आमच्याकडे रात्री एका सिस्टरकडे दोन, कधी तीन पेशंट असतात. मॅनेजमेंटला मी म्हटलं, खुर्च्या आणायच्या असतील तर आधी सिस्टर वाढवा. त्यांनी खुर्च्या लगेच आणल्या. सिस्टरांबद्दल पुढच्या तिमाहीत बघू म्हणालेत.